ऊन आपले, गच्ची कोणाची?

नवीन पनवेलमधून माथेरान रस्त्याने नेऱ्याच्या दिशेने निघाले की लगेच सुकापूर लागते. भाताच्या खाचरांचा हा मुलूख गेल्या काही दशकांत इमारतींचा झाला. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे आलेली आणि रोज पहाटे लोकल गाठणारी पुष्कळ कुटुंबे या इमारतींत राहतात. त्यांच्या बाल्कन्या एकदा मान वर करून पाहाव्यात. लोखंडी ग्रील, तुळशीची कुंडी, दोरीवर वाळत घातलेले कपडे, एखादी डिशची छत्री. प्रबळगडाच्या बाजूने सूर्य वर आला की या बाल्कन्यांवर ऊन पडते. त्या उन्हात कपडे वाळतात, पापड वाळतात, आणि आत त्याच वेळी पंखा मात्र दूरच्या कुठल्या तरी वीजघरातून आलेल्या विजेवर फिरत असतो.

याच बाल्कनीतल्या उन्हावर तो पंखा फिरवता येईल का? प्रश्न भाबडा वाटेल. पण जर्मनीत आज लाखो घरांच्या बाल्कनीच्या कठड्याला सौर पॅनेल लटकवलेले आहे. त्याची वायर घरातल्या साध्या प्लगमध्ये खोचलेली असते. मोबाइल प्लगमधून वीज घेतो, हे यंत्र प्लगमधून घराला वीज देते, एवढाच फरक. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. मग हे इथे का दिसत नाही? याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते, आणि सुरुवात जर्मनीपासून नव्हे, मुंबईपासूनच करता येते.

साल १८७८. मुंबईत डेप्युटी रजिस्ट्रार म्हणून काम करणारे विल्यम अॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. इंजिनांसाठी दगडी कोळसा विलायतेहून बोटीने आणावा लागे, लाकूडफाटा महाग होत चालला होता, आणि डोक्यावर ऊन तर वर्षातले आठ महिने तळपत होते. अॅडम्स यांनी साधे सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, सगळ्यांचे कवडसे एका बॉयलरवर पाडले आणि निघालेल्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. आरशांची एक चूलही त्यांनी केली होती. ऐन जानेवारीत सात शिपायांचे जेवण त्या चुलीवर दोन तासांत शिजले, अशी नोंद आहे. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असे सांगणारे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी मुंबईत छापले गेले. नंतर मात्र ते सारे विस्मरणात गेले. कोळसा स्वस्त झाला, आणि आरसे दिवसभर सूर्याच्या मागे फिरवत बसायला माणसे कोण देणार?

अॅडम्स यांनी सूर्याची उष्णता वापरली. उजेडापासून थेट वीज मिळवण्याची वाट वेगळी. ती १८३९ साली फ्रान्समधल्या एडमंड बेक्वेरेल या १९ वर्षांच्या तरुणाला सापडली. रसायनात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर उजेड पडला की किंचित वीज निर्माण होते, हे त्याने पाहिले. ही वीज इतकी थोडी होती की पुढची शंभर वर्षे ती प्रयोगशाळेतले नवल म्हणूनच राहिली.

तेवढ्यात आपल्या भागात विजेचे दुसरेच पर्व सुरू झाले. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पाणी अडवून ते नळांतून खाली खोपोलीला सोडायचे आणि तिथे वीज करायची, ही टाटांची योजना १९१५ साली पुरी झाली. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा अशी आणखी दोन वीजघरे झाली. ही तिन्ही ठिकाणे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली. वीज मात्र उंच मनोऱ्यांवरून मुंबईला गेली. गिरण्यांची चाके फिरली, मुंबईचे रस्ते उजळले, आणि वीजघरांच्या भोवतालची गावे पुढे कित्येक वर्षे रॉकेलच्या चिमणीवर राहिली. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशी धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह झाला. वीज कुठे तयार होते आणि कोणाच्या घरात उजेड पाडते, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

त्या काळच्या योजनांना दोष देण्याचा इथे हेतू नाही. वीज स्वस्त पडायची तर ती मोठ्या प्रमाणावर, एकाच जागी करावी लागे. छोटे धरण, छोटा बॉयलर परवडत नसे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आले, खेडोपाडी खांब गेले. १९८२ मध्ये शेजारच्या उरणला वायूवर चालणारे वीजघर झाले. सर्वांची रीत तीच राहिली. वीज तिकडे तयार होणार, तारेने इकडे येणार, आणि आपण मीटरप्रमाणे बिल भरणार. या रीतीत घर हे नेहमी विजेचे शेवटचे टोक असते. ते सुरुवातीचे टोक होऊ शकते, हे कोणाच्या मनातही येत नसे.

ते मनात येण्याची सोय १९५४ साली झाली. २५ एप्रिलला अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांचे सिलिकॉनचे सौर घट जगापुढे मांडण्यात आले. त्या घटांवर त्यांनी खेळण्यातला पाळणा फिरवून दाखवला आणि रेडिओचा छोटा प्रक्षेपक चालवला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे सहा टक्क्यांचीच वीज होत होती, पण सौर घटाने खरोखरीचे काम करता येते हे सिद्ध झाले. किंमत मात्र अशी की पहिले खरे गिऱ्हाईक मिळाले ते अंतराळात. १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर हे घट बसवले गेले. १९७७ सालीही एका वॅटला सुमारे ७६ डॉलर पडत. साधा ६० वॅटचा दिवा लावायचा म्हणजे साडेचार हजार डॉलरचे घट!

मधे १९७३ चे तेलसंकट येऊन गेले होते आणि आपले सरकारही जागे झाले होते. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये देशातला पहिला सौर घट आणि १९७८ मध्ये पहिले पॅनेल बनवले. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९८५ मध्ये महाराष्ट्रात ‘मेडा’ ही संस्था आली. त्या दशकातली सर्वांच्या आठवणीतली वस्तू म्हणजे सौर कुकर. काळ्या रंगाची पेटी, वर काच, झाकणाला आरसा, आणि आत वरणभाताचे डबे. अनुदान होते, प्रात्यक्षिके झाली. तरीही शहरांत तो रुजला नाही. सकाळच्या घाईला दुपारचे ऊन उपयोगी पडत नाही, हे एक कारण. दुसरे कारण साधे आहे, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही. सौर कुकरला अंगण लागते. ज्यांच्याकडे अंगण होते त्यांच्याकडे बहुधा लाकूडफाटाही होता, आणि ज्यांना गॅस वाचवायचा होता ते चौथ्या मजल्यावर राहत होते.

पुढे सौर बंब आले. तेव्हा इमारतीतल्या लोकांना पहिल्यांदाच जाणवले की ऊन सगळ्यांचे असले तरी गच्ची कोणाची, हे ठरवावे लागते. बंब वरच्या मजल्यावाल्याला सोयीचा, खालच्याच्या नळाला गरम पाणी येईपर्यंत बादलीभर थंड पाणी वाया जायचे. मग खर्च सर्वांनी सारखा का द्यावा? वार्षिक सभांमध्ये यावर तास न् तास खर्ची पडले आहेत. याउलट दूरदर्शनचे पाहा. १९७२ मध्ये मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा अँटेना गच्चीवर लावायचे. २००३ पासून घरोघरी डिशची छत्री आली आणि लोकांनी ती गच्चीवर न नेता आपल्याच खिडकीच्या ग्रीलला आवळली. सभा नाही, ठराव नाही. जे आपल्या बाल्कनीत मावते ते लवकर पसरते, हा यातला धडा आहे.

विजेच्या बाबतीतही लोकांनी स्वतःपुरता एक मार्ग काढला होता. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने भारनियमनाचा मोठा तडाखा सोसला. ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली. पण इन्व्हर्टर वीज तयार करत नाही. वीज असताना तो ती साठवतो आणि नसताना परत देतो, आणि या व्यवहारात थोडी वायाही घालवतो. घरात यंत्र आले, तरी घर शेवटचेच टोक राहिले.

खरा बदल घडवला तो घसरलेल्या किमतीने. सौर पॅनेलच्या मिशनची घोषणा आपल्याकडे २०१० मध्ये झाली. पुढच्या दशकात पॅनेल इतके स्वस्त झाले की १९७७ साली ७६ डॉलरला पडणारा वॅट अर्ध्या डॉलरच्याही बराच खाली आला. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले. म्हणजे गच्चीवरच्या पॅनेलची जास्तीची वीज तारेने परत द्यायची आणि बिलात तिची वजावट मिळवायची. २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. तिच्यात घरमालकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. बंगलेवाल्यांची आणि गावातल्या स्वतंत्र घरांची यामुळे सोय झाली. सुकापूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचे काय? त्याच्याकडे चारशे चौरस फुटांचा फ्लॅट आहे, स्वतःचे छप्पर नाही. भाडेकरू असेल तर फ्लॅटही नाही.

नेमक्या याच प्रश्नातून जर्मनीत बाल्कनीतली वीज जन्माला आली. तिथे १९९० पासून छपरांवर सौर पॅनेल बसवण्याच्या सरकारी योजना झाल्या आणि २००० च्या कायद्याने त्या विजेला हमीभाव मिळाला. फायदा अर्थातच छप्पर असलेल्यांना झाला. पण त्या देशात निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात. काही हौशी मंडळींनी एकदोन पॅनेल आणि एक छोटा इन्व्हर्टर घेऊन थेट प्लगमध्ये जोडायला सुरुवात केली. वीज कंपन्यांनी धोक्याचा इशारा दिला, तज्ज्ञांत वाद झाले, मानके ठरायला वर्षे गेली. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे गॅस आणि वीज महागली, तेव्हा मागणी एकदम वाढली. २०२३ च्या आरंभी अशा यंत्रणेवरचा विक्रीकर शून्य केला गेला. मे २०२४ मध्ये इन्व्हर्टरची मर्यादा ६०० वॅटवरून ८०० वॅट झाली आणि नोंदणी सोपी झाली. त्याच वर्षी कायदाही बदलला आणि घरमालकाला किंवा सोसायटीला सबळ कारणाशिवाय नकार देता येईनासा झाला. २०२५ मध्ये नोंदलेल्या यंत्रणा दहा लाखांवर गेल्या. अमेरिकेतल्या युटा राज्यानेही २०२५ मध्ये १,२०० वॅटपर्यंत अशी मुभा दिली.

हे चालते कसे, हेही पाहू. पॅनेलमधून एकदिश वीज येते. छोटा इन्व्हर्टर तिचे २३० व्होल्टच्या घरगुती विजेत रूपांतर करतो आणि तारेतल्या विजेच्या तालाशी ताल जुळवतो. त्या क्षणी घरातला फ्रिज चालू असेल तर तो आधी ही वीज वापरतो आणि मीटरमधून तेवढी कमी येते. यातली एक गोष्ट आपल्या वाचकांना खटकेल. बाहेरची वीज गेली की हे यंत्रही तत्क्षणी बंद पडते. पडायलाच हवे. नाही तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या बाल्कनीतल्या विजेचा झटका बसेल. म्हणजे वीज गेल्यावर कामाला येईल या आशेने कोणी हे घेतले, तर त्याची निराशा होणार. त्यासाठी बॅटरीची वेगळी व्यवस्था लागते.

दुसरा फरक आहे सूर्याचा. बर्लिनमध्ये सूर्य भर उन्हाळ्यातही माथ्यावर येत नाही, तो कललेलाच असतो. त्यामुळे कठड्यावर उभे लटकवलेले पॅनेल त्याच्या समोर येते. पनवेल १९ अंश अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या कठड्याला भरपूर ऊन मिळते. मे महिन्याच्या मध्यावर मात्र तो थेट डोक्यावर येतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. शिवाय वरच्या मजल्याच्या बाल्कनीची सावली पडते आणि जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणजे पंखा सर्वांत जास्त फिरतो त्या मे महिन्यात उभे पॅनेल बरेच कमी देणार. ते बाहेरच्या बाजूला छज्जासारखे तिरके बसवले तर बरे. पण पॅनेल पावणेदोन मीटर लांब आणि वीस किलोहून जड असते. पावसाळी वाऱ्यात ते खाली रस्त्यावर सुटले तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

माझा ठोकळ हिशेब असा. चारशे वॅटचे पॅनेल दक्षिणेच्या मोकळ्या कठड्यावर डिसेंबरात दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास देईल, मे महिन्यात त्याच्या निम्मेच. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराचा चौथा हिस्सा फार तर भागेल. रक्कम मोठी नाही, पण वर्षानुवर्षे वाचणारी आहे.

आता नियमांचे बोलू. महावितरणच्या तारांना जोडली जाणारी सौर यंत्रणा अर्ज करून, परवानगीने आणि योग्य मीटर बसवूनच जोडायची, असा आपल्याकडचा नियम आहे. तो नुसता कागदी नाही. कित्येक एकदिश मीटर उलट जाणारी वीजही वापर म्हणून मोजतात. म्हणजे वीज द्यायची आपण आणि बिलही भरायचे आपण! जुन्या वायरिंगमध्ये एकाच सर्किटला दोन्हीकडून वीज मिळाली तर तार तापते आणि मधला स्विच पडत नाही. म्हणून परदेशी यंत्र मागवून प्लगमध्ये खोचण्याचा मोह टाळावा. पण एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. सूर्यघर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत सौर यंत्रणेची जागा सांगताना छप्पर आणि गच्ची यांच्याबरोबर बाल्कनी हा शब्दही आलेला आहे. कागदावर दार किलकिले झाले आहे. बाल्कनीला साजेशी छोटी यंत्रे, त्यांची मानके आणि सोपी नोंदणी हे काम पुढे व्हायला हवे. जर्मनीलाही तिथवर पोहोचायला वीसेक वर्षे लागली.

तोवर थांबायचे का? मला वाटते, आधी गच्चीचा हिशेब करावा. चार मजली इमारतीत चारशे चौरस फुटांच्या फ्लॅटच्या वाट्याला गच्चीतले शंभर चौरस फूट येतात. टाक्या आणि लिफ्टची खोली वजा करता साठ-सत्तर धरा. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या किलोवॅटहून थोडे अधिक येते. त्यातून सरासरी दिवसाला दोन युनिट निघतात, कठड्यावरच्या पॅनेलपेक्षा चांगलेच जास्त. गृहनिर्माण संस्थेच्या पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांसाठी सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचे अनुदानही आहे.

अडचण उन्हाची नाही आणि यंत्राचीही नाही. अडचण आहे ती गच्ची नक्की कोणाची याची. फ्लॅट घेऊन वर्षे लोटली तरी अनेक इमारतींची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असते. यासाठी २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे लोक ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात त्याची, सोय झाली. तरी कागदपत्रांच्या कंटाळ्याने ते राहून जाते. जिथे संस्थाच नोंदलेली नाही तिथे अर्जावर सही कोणाची घेणार? आणि भाडेकरूला तर सभेत आवाजच नाही. त्याच्यापुरती बाल्कनी हीच जागा उरते. म्हणून बाल्कनीतल्या विजेला वाट मिळाली पाहिजे, ती दोन युनिटांसाठी नव्हे तर त्याच्यासारख्यांसाठी.

१९१५ मध्ये खोपोलीची वीज आपल्या डोक्यावरून मुंबईला गेली, तेव्हा कोणी आपल्याला विचारले नव्हते. आज ऊन आपल्या गच्चीवरून आणि कठड्यावरून रोज तसेच निघून जाते, आणि या वेळी विचारायचे आपणच आहे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. पार्किंग आणि गळती या नेहमीच्या विषयांबरोबर यंदा तिसरा विषय पत्रिकेवर घ्यावा : आपल्या गच्चीचे कागद कोणाच्या नावावर आहेत? त्याचे उत्तर मिळाले की पुढचा ठराव अवघड नाही. पावसाळा तेव्हा संपत आलेला असतो, आणि लख्ख उन्हाचे महिने पुढे असतात.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)